‘विद्यार्थ्यांचं काही?’ असं विचारण्याआधी

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची आहेत. कॉलेजच्या कारभारात विद्यार्थ्यांचं ऐकलं जातं का, आणि जात नसेल तर काय करायचं? मी नाशिकच्या एका अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, बरीच वर्षं विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम केलं आणि महाविद्यालय विकास समितीच्या, म्हणजे सगळे जिला सीडीसी म्हणतात तिच्या, सभांना बसले. म्हणून हा सगळा मजकूर याच विषयाला देते. पत्रं थोडी आवरली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एस. वाय. बी.एस्सी.ला आहे. पेठ तालुक्यातल्या गावाहून रोज ये-जा करते. यंदा सरांनी मला विद्यार्थी परिषदेची सचिव म्हणून घेतलं आणि सीडीसीच्या मीटिंगला बोलावलं. तिथे संस्थेचे पदाधिकारी, प्राचार्य, सगळे मोठे लोक. मी आणि आमच्या परिषदेचा अध्यक्ष शेवटच्या खुर्च्यांवर बसलो. बराच वेळ बांधकाम, नॅकचं मूल्यांकन, रिक्त जागा हेच चाललं होतं. उठता उठता साहेबांनी विचारलं, “विद्यार्थ्यांचं काही?” मी घाबरून “नाही सर” म्हटलं. रजिस्टरवर सही केली, चहा घेतला, निघाले. खरं तर सांगायचं होतं. आमचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि आमच्या बाजूची शेवटची एसटी पावणेसहाला जाते. स्टँडवर पोचेपर्यंत ती गेलेली असते. मग जीपमध्ये कोंबून जायचं, घरी पोचायला अंधार. आई रोज फाट्यावर येऊन उभी राहते. सकाळी आम्ही लवकर येतो तेव्हा वाचनालय बंद असतं, म्हणून पायऱ्यांवर बसतो. पुढच्या मीटिंगला हे बोलू का? सरांना राग तर येणार नाही ना?

उत्तर : अगं, बोलायचंच. फक्त “विद्यार्थ्यांचं काही?” या प्रश्नाची वाट बघत बसायचं नाही. तो प्रश्न सभा संपताना येतो. तोवर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे गेलेलं असतं. त्या वेळी तू चांगलं बोललीस तरी “बघू, करू” यापलीकडे काही हाती लागत नाही.

आधी तुझी जागा नीट समजून घे. तू तिथे पाहुणी म्हणून बसलेली नाहीस. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९७ मध्ये सीडीसीचे सभासद सांगितले आहेत. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव किंवा त्यांचे प्रतिनिधी, एक विभागप्रमुख, शिक्षकांनी निवडून दिलेले तीन शिक्षक, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेला एक जण, बाहेरचे चार स्थानिक सभासद, आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे, समन्वयक, आणि त्याच यादीत विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष आणि सचिव. प्राचार्य हे सदस्य-सचिव. म्हणजे ज्या यादीत साहेबांचं नाव आहे, त्याच यादीत तुझं पद आहे. वर्षातून किमान चार सभा घ्यायला हव्यात, हेही तिथेच लिहिलं आहे.

दुसरी गोष्ट, तुझा विषय किरकोळ नाही. कॉलेजचं वार्षिक वेळापत्रक ठरवणं, विद्यार्थ्यांच्या कल्याणाच्या गोष्टी सुचवणं, शिस्त आणि सुरक्षिततेबाबत शिफारस करणं ही सीडीसीची कामं म्हणून कायद्यात नोंदवलेली आहेत. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं हा वेळापत्रकाचा विषय आहे आणि अंधारात जीपने जाणाऱ्या मुली हा सुरक्षिततेचा. “हे इथे बोलण्यासारखं नाही” असं कुणी म्हटलं, तर एवढं शांतपणे सांग.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. पुढच्या सभेची नोटीस निघण्याआधी प्राचार्यांच्या नावे एक पानी अर्ज लिही. वर ठळक विषय : ‘प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ बदलणे व वाचनालय सकाळी उघडणे हे विषय सीडीसीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याबाबत’. खाली काय अडचण आहे, किती जणांना आहे, काय केलं तर सुटेल, एवढंच. “आम्हा गरीब विद्यार्थ्यांवर दया करावी” असली भाषा घालू नकोस, गरज नाही. दोन प्रती काढ. एक ऑफिसात आवकला दे आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेव. नोटीस आली की तुझा विषय तिच्यात आहे का ते बघ. नसेल तर सभेच्या आधीच प्राचार्यांना भेटून विचार.

‘किती जणांना’ हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे सुरगाण्याच्या बाजूची एक विद्यार्थिनी परिषदेवर होती, बोलायला अगदी हळू. तिने भाषण केलं नाही. एक दोनशेपानी वही आणली होती. त्यात पट्टीने रकाने आखले होते : नाव, वर्ग, गाव, एसटी किती वाजताची, प्रॅक्टिकल कोणत्या वारी, त्या दिवशी घरी किती वाजता पोचलो. वर्गातल्या मुलामुलींनी आपापल्या अक्षरात भरलेलं. काही ठिकाणी निळी शाई, काही ठिकाणी पेन्सिल. शेवटच्या रकान्यात कुणी ‘८.१५’ लिहिलेलं, कुणी ‘मामाकडे राहिले’, कुणी ‘प्रॅक्टिकल सोडलं’. संस्थेच्या अध्यक्षांनी वही मागून घेतली आणि चष्मा वर करून पानं उलटायला लागले. ‘प्रॅक्टिकल सोडलं’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं आणि विभागप्रमुखांना विचारलं, “हजेरीत हे आपण काय धरतो?” तिथून चर्चा खरी सुरू झाली.

आणि उपाय सुचवला तो प्रयोगशाळा सहायकाने, शिक्षकेतरांमधून निवडून आलेल्या सभासदाने. तो म्हणाला, वेळ सगळ्यांची बदलू नका, बाहेरगावच्या मुलांना दुपारच्या पहिल्या बॅचला घ्या आणि शहरातल्यांना दुसऱ्या. जर्नल, उपकरणं, सगळं तेच राहील. एका ओळीचा ठराव झाला. वाचनालयाचं मात्र तेव्हा जमलं नाही. सकाळी उघडायला माणूस नव्हता, आणि ती अडचण खरी होती. ते पुढच्या वर्षी झालं, तेही कमवा आणि शिका योजनेतल्या मुलांना सकाळची पाळी देऊन. तुझ्या अर्जात ही सूचना आधीच घालून ठेव, म्हणजे “माणूस कुठून आणायचा?” या प्रश्नावर विषय अडकणार नाही.

यावरून एक कर : सभेच्या आधी निवडून आलेल्या शिक्षकांना आणि त्या शिक्षकेतर सभासदाला भेट. कॉलेजात कोणतं कुलूप कुणाकडे असतं हे त्यांना पाठ असतं. तुझ्या विभागप्रमुखांनाही आधी सांग. सरांच्या रागाबद्दल विचारलंस ना? माणसाला राग बहुतेक वेळा विषयाचा येत नाही, चारचौघांत अचानक ऐकावं लागलं याचा येतो. त्यांना अर्जाची एक प्रत दे आणि “सर, तुम्हीही दोन शब्द बोला” अशी विनंती कर.

सभेत ठराव झाला की तिथल्या तिथे विचारायचं, हे कोण करणार आणि कधीपासून? ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो. बहुतेक सभासद तेव्हा कागद चाळत असतात. तू मात्र कान देऊन ऐक. तुझा विषय गळाला असेल किंवा वेगळ्या शब्दांत आला असेल, तर हात वर करायची जागा हीच. इतिवृत्त एकदा कायम झालं की मग “असं ठरलं होतं” याला काही अर्थ राहत नाही.

एसटीच्या वेळेसाठी वेगळा अर्ज कर. कॉलेजच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीने, आगार व्यवस्थापकांच्या नावे. तूही वर्गात तशी वही भरून घे आणि तिच्या पानांची झेरॉक्स सोबत जोड. गाडी अर्धा तास पुढे सरकवणं हे आगाराच्या पातळीवर होऊ शकणारं काम आहे, पण किती पासधारक आहेत हे दाखवल्याशिवाय ते हलत नाही.

आणि सभेहून आलीस की वर्गात सांग. काय मागितलं, काय मिळालं, काय राहिलं. ग्रुपवर चार ओळी टाक. हे तू केलं नाहीस, तर पुढच्या वेळी वही भरायला कुणी येणार नाही.

प्रश्न : मी कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात टी. वाय.ला आहे. आमच्याकडे सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, सर ठरवतात, जीएस, म्हणजे जनरल सेक्रेटरी, हाही तेच ठरवतात. माझे मामा सांगतात की त्यांच्या वेळी निवडणुका व्हायच्या, गाड्या फिरायच्या, पॅनेल असायचं. कायद्यात निवडणूक आहे म्हणतात, मग होत का नाही? आणि व्हावी का? तुमचं स्पष्ट मत सांगा.

उत्तर : स्पष्ट मत आधी सांगते : व्हावी. आता मागचं थोडं.

मामा सांगतात ते खरं आहे, पण ते अर्धं आहे. त्या निवडणुकांत पैसा होता, बाहेरची माणसं होती, हाणामाऱ्या होत्या, आणि राज्यात गोष्टी खुनापर्यंतही गेल्या होत्या. त्यामुळे नव्वदच्या दशकात त्या बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने वर्गात पहिला आलेला विद्यार्थी परिषदेवर घ्यायची पद्धत आणली. मी अशा परिषदा पाहिल्या. मुलं हुशार होती, पण आपण कुणाच्या वतीने बसलो आहोत हे त्यांनाच ठाऊक नसायचं. त्यांना कुणी पाठवलंच नव्हतं.

२०१६ च्या कायद्याने पुन्हा थेट निवडणूक आणली. प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी त्या वर्गाने निवडायचा. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांनी निवडायचे. एनएसएस, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक विभागातून एकेक जण नेमायचा. २०१९ मध्ये निवडणुकांची तयारी झाली, पण विधानसभेच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. नंतर करोना आला आणि विषय मागे पडला.

गोंधळ होईल ही भीती मला मान्य आहे, पण तिच्यावरचे उपाय लिहून ठेवलेले आहेत. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये लागू केल्या. एका उमेदवाराने पाच हजार रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील पोस्टर नाही, हाताने लिहिलेलं चालेल. ७५ टक्के हजेरी हवी, विषय राहिलेला नको, गुन्हेगारी नोंद नको, पदवीच्या उमेदवाराचं वय १७ ते २२. राजकीय पक्षांना यात स्थान नाही. हे नियम प्रामाणिकपणे पाळले, तर मामांच्या काळातल्या गाड्या फिरणार नाहीत.

निवडणुकीवर माझा भर का, तेही सांगते. शिक्षकाने नेमलेला प्रतिनिधी आधी शिक्षकाकडे बघतो आणि मग वर्गाकडे. यात त्याचा दोष नाही, त्याला तिथे ज्याने बसवलं त्याच्याकडेच तो बघणार. त्याने सभेत “कॅन्टीनचे दर वाढले” म्हणावं अशी अपेक्षा आपण करतो आणि ती पुरी होत नाही.

सरकारी वेळापत्रक निघेपर्यंत तुम्ही एक करू शकता. वर्गशिक्षकांना सगळ्यांनी मिळून विनंती करा की सीआरचं नाव सुचवण्यासाठी वर्गात चिठ्ठ्या टाकू द्या. नेमणूक सरांचीच राहील, नाव वर्गाचं येईल. मी माझ्या वर्गात हे करत असे. चॉकची रिकामी खोकी मतपेटी म्हणून पुरतात. आणि एक लक्षात ठेवा, यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यापुढे विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरण आलं तर तीन विद्यार्थी सभासद हवेत, आणि तेही पारदर्शक निवडणुकीने आलेले. तुमच्या कॉलेजात ते कोण आहेत, कसे निवडले, हे विचारा. नोटीस बोर्डावर नावं असायला हवीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा नाशकात हॉस्टेलला राहून इंजिनिअरिंग करतो. हॉस्टेलचं पाणी आणि मेसवरून त्याने मुलांच्या सह्या गोळा केल्या. ऑक्टोबर छाटणीला घरी येतो म्हणाला होता, तो आलाच नाही, निवेदन द्यायचं होतं म्हणे. कॉलेजवाले डूख धरतील, इंटर्नलचे मार्क कापतील अशी भीती वाटते. त्याला थांबवू का?

उत्तर : भाऊ, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इंटर्नलचे मार्क शिक्षकाच्या हातात असतात आणि मनात धरणारी माणसं असतात. पण त्याला थांबवू नका. मेसचं पाणी हा रोज पोटात जाणारा विषय आहे, आणि तो सह्या घेऊन निवेदन देतोय, काचा फोडत नाही.

त्याला तीन-चार गोष्टी मात्र बापाच्या अधिकाराने सांगा. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायची नाही, सबमिशन वेळेत करायचं. म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा उरत नाही. निवेदनावर त्याचं एकट्याचं नाव वर नको, ‘हॉस्टेलचे सर्व विद्यार्थी’ असं हवं आणि सह्या गोलाकार किंवा वर्णानुक्रमे घ्याव्यात. पाण्याचं म्हणणं असेल तर टाकी शेवटची कधी धुतली, फिल्टर शेवटचा कधी बदलला, हे तारखांसह मागावं. आणि सगळं लेखी, पोच घेऊन.

तरीही ऐकलं गेलं नाही तर पुढची वाट आहे. यूजीसीने २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नियम केले. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून हवा. माहितीपत्रकात कबूल केलेल्या सोयी न देणं हे त्या नियमांत तक्रारीचं कारण म्हणून धरलेलं आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अशी अपिलं ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. म्हणून प्रवेशाच्या वेळी मिळालेलं माहितीपत्रक शोधून ठेवायला सांगा. हॉस्टेलबद्दल त्यात काय छापलंय ते पान महत्त्वाचं.

तुम्हीही एकदा जाऊन रेक्टरना भेटा. भांडायला नको, मेसमध्ये मुलाबरोबर जेवायला बसा. पालक येऊन जेवून गेले याचा परिणाम होतो. छाटणीची कामं उरकली असतीलच आता.

प्रश्न : मी अंबडला कंपनीत कामाला आहे आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतोय. आमच्या अभ्यासकेंद्राची संपर्कसत्रं रविवारी सकाळीच व्हावीत असं आम्हा कामावर जाणाऱ्यांना वाटतं. आम्हाला सीडीसी लागू आहे का?

उत्तर : नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ च्या स्वतंत्र कायद्याने चालतं, त्यामुळे २०१६ च्या कायद्यातली सीडीसी तुमच्या अभ्यासकेंद्राला लागत नाही. (नर्सिंग किंवा वैद्यकीयच्या वाचकांनीही हे लक्षात घ्यावं. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा कायदाही वेगळा आहे, १९९८ चा.) पण यूजीसीचे तक्रार निवारणाचे नियम तुम्हालाही आहेत. तिथवर जायची गरज पडू नये. शिफ्टचे तपशील घालून सगळ्यांच्या सह्यांचं पत्र केंद्रप्रमुखांना द्या, एक प्रत नाशिक विभागीय केंद्राला. कोणत्या शिफ्टला कोण, कुणाला कोणता वार सुटीचा, हे लिहिलंत तर त्यांना वेळ ठरवणं सोपं जाईल. कंपनीतून सुटी मिळत नाही याचं रडगाणं नको, पर्यायी दोन वेळा सुचवा.

प्रश्न : मी काही वर्षांपूर्वी नाशिकमधून एम.ए. झाले, आता शाळेत शिकवते. आता विद्यापीठाच्या कारभाराशी माझा संबंध संपला ना?

उत्तर : संपलेला नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतून मिळून. त्यातल्या पाच जागा राखीव आहेत, एक महिलांसाठी. मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली आणि अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते, म्हणजे पुढची वेळ जवळ आली आहे. पदवी मिळाली म्हणून मतदार यादीत नाव आपोआप येत नाही, नोंदणी करावी लागते. आपल्याकडचे पुष्कळ पदवीधर ती करत नाहीत आणि मग विद्यापीठाच्या शिवनईतल्या नाशिक उपकेंद्रात काय सोयी हव्यात, नाशिकच्या मुलाला साध्या कागदासाठी पुण्याला का जावं लागतं, हे विचारणारा माणूस निवडताना आपली मतं मोजकीच पडतात. पदवी प्रमाणपत्र आणि रहिवासाचा पुरावा यांच्या प्रती काढून ठेवा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणीची सूचना येते तिकडे लक्ष असू द्या. शाळेच्या स्टाफरूममधल्या बाकीच्या पदवीधरांनाही सांगा, अर्ज एकत्रच भरा.